ग्रहणाचा परिणाम : किती, कुठे आणि किती वेळ?

‘दे दान, सुटे गिराण!’ ही आरोळी आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी ऐकलेलीही नसेल. ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या अंगावर अजून काटा येतो. ग्रहण लागले की गावकुसाबाहेरच्या मांग-महारांच्या वस्तीतून माणसे फडकी, टोपल्या घेऊन निघत आणि दारोदार ही आरोळी ठोकत. राहू-केतू सूर्याला गिळतात, गावकुसाबाहेरची माणसे म्हणजे त्या राहू-केतूंचे वारस, आणि वारसांना दान दिले की सूर्य सुटतो, असा तो हिशेब! आकाशात चंद्राची सावली पडायची आणि जमिनीवर आमच्या वाडवडिलांना हात पसरावे लागायचे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळेपाके आणि मेलेल्या जनावराचे मांस नाकारायला सांगितले. त्या स्वाभिमानाच्या वाऱ्यात ग्रहणाची ही भीकही अनेक वस्त्यांनी उकिरड्यावर फेकून दिली.

पण भीक गेली म्हणून भीती गेली, असे मात्र झाले नाही. आजही ग्रहणाच्या दिवशी शिजलेले अन्न फेकले जाते, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकले जाते, गरोदर बाईला भाजीसुद्धा चिरू दिली जात नाही. यात आता एक नवीन प्रकार सुरू झाला आहे. पंचांगवाले आता थेट विज्ञानाचाच हवाला देतात. ८ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झाले. त्या दिवशी ‘नासा’ने व्हर्जिनिया राज्यातील वॉलॉप्स येथून एकामागून एक असे तीन अग्निबाण सोडले. ग्रहणाचा पृथ्वीच्या वरच्या वातावरणावर काय परिणाम होतो, हे त्यांना मोजायचे होते. झाले! ‘बघा, नासासुद्धा मान्य करते. ग्रहणाचा परिणाम होतोच!’ असे म्हणायला मंडळी मोकळी झाली. उपग्रहांचे गणितसुद्धा ग्रहणात चुकते म्हणे, मग माणसाच्या शरीराचे काय घेऊन बसलात?

अशा वेळी आमचे कार्यकर्ते काय उत्तर देतात? ‘ग्रहण म्हणजे फक्त सावल्यांचा खेळ. त्याने काहीही होत नाही.’ हे उत्तर हेतूने चांगले आहे, पण ते अपुरे आहे. आणि अपुरे उत्तर देणाऱ्याला वादात पाडणे फार सोपे असते. आम्ही सांगू इच्छितो की सूर्यग्रहणाचा परिणाम होतो. तो कुठे होतो, किती होतो आणि किती वेळ टिकतो, हे मोजता येते. ज्याचा परिणाम मोजता येतो त्याला भ्यायचे कारण उरत नाही. आणि ज्याची भीती घातली जाते, त्याचे माप विचारले की भीती घालणारा गप्प होतो. म्हणून आज हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

आपल्या डोक्यावर सुमारे साठ किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत हवेचा अतिशय विरळ थर आहे. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणूंवर आदळतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा विद्युतभारित कणांच्या थराला आयनांबर म्हणतात. दिवस उगवला की इलेक्ट्रॉन वाढत जातात, दुपारी त्यांची गर्दी होते. रात्री सूर्य नसतो, तेव्हा सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जातात आणि गर्दी ओसरते. सर्वांत खालचा थर तर रात्री जवळजवळ नाहीसाच होतो. रात्री रेडिओवर मध्यम लहरींची दूरदूरची स्टेशने लागायची, हा अनुभव जुन्या वाचकांना आहे. त्याचे कारण हेच. दिवसा रेडिओच्या लहरी खाऊन टाकणारा खालचा थर रात्री नसतो आणि वरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन दूर पोहोचतात.

अणूमधून इलेक्ट्रॉन सुटा होण्याच्या या क्रियेला आयनीभवन म्हणतात. ताऱ्यांच्या तप्त वायूत ते किती प्रमाणात होते, याचे समीकरण १९२० साली मांडले डॉ. मेघनाद साहा यांनी. जगभरच्या खगोलशास्त्राने ते पायाभूत म्हणून स्वीकारले. पुढे अलाहाबाद विद्यापीठात साहा यांच्या विभागात आयनांबरावरही संशोधन झाले. हे साहा कोण? ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या गरीब किराणा दुकानदाराचा मुलगा. जात कनिष्ठ मानलेली. कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना ईडन हिंदू होस्टेलमध्ये सवर्ण विद्यार्थ्यांना हा मुलगा आपल्या पंगतीत नको होता. ज्याला ताटाजवळ बसू दिले नाही, त्याने सूर्याच्या आत काय चालले आहे ते जगाला सांगितले! पुढे १९५२ साली ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि देशाच्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीच्या शिफारशीतूनच २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झाले. ते पाहायला साहा हयात नव्हते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता ग्रहणाकडे येऊ. सूर्य मावळतो तेव्हा आयनांबराची गर्दी हळूहळू ओसरते. सूर्यग्रहणात मात्र भर दुपारी चंद्र सूर्याच्या किरणांपुढे पडदा धरतो. नवे इलेक्ट्रॉन सुटे होणे कमी होते आणि जुने जोडले जाणे चालूच राहते. म्हणजे घरात येणारी मिळकत थांबली आणि खर्च मात्र चालू! सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या खालच्या थरांत शिल्लक लगेच संपते. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर हवा फार विरळ असल्याने इलेक्ट्रॉन सावकाश जोडले जातात. त्यामुळे तिथली सर्वांत मोठी घट ग्रहणाच्या मध्यानंतर काही वेळाने दिसते. शिवाय खग्रास स्थितीत आपल्याला सूर्यबिंब पूर्ण झाकलेले दिसले, तरी सूर्याभोवतीच्या किरीटातून अतिनील आणि क्ष-किरण येतच राहतात. म्हणून आयनांबराला पूर्ण रात्र अशी लागतच नाही. ग्रहण सुटले की तासा-दोन तासांत सगळे पूर्वपदावर येऊ लागते. राहूने गिळलेले कुणी ओकले म्हणून नव्हे, तर किरण पुन्हा पोहोचले म्हणून.

या घडामोडीचा उपग्रहांशी काय संबंध? आपल्या मोबाईलमधली जीपीएस यंत्रणा रस्ता दाखवते, ती काळ मोजून. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह ‘मी अमुक क्षणी संदेश सोडला’ असे सतत सांगत असतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून मोबाईल अंतर काढतो. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की तुमची जागा ठरते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून वाटेला लागतो सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा. या हिशेबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर तीनशे मीटरने चुकते!

आणि वाटेत आडवे येते आयनांबर. इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून जाताना संदेशाला किंचित उशीर होतो. जत्रेच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखाच हा प्रकार आहे. उपग्रहापासून आपल्यापर्यंत एक चौरस मीटर जाडीचा खांब कल्पिला आणि त्यातले सगळे इलेक्ट्रॉन मोजले, तर जो आकडा येतो त्याला एकूण इलेक्ट्रॉन संख्या म्हणतात. एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन म्हणजे तिचे एक एकक. अशा प्रत्येक एककामागे जीपीएसच्या मुख्य लहरीला सोळा सेंटिमीटरचा उशीर होतो. एकके चाळीस असतील, तर डोक्यावरच्या उपग्रहाचे अंतर साडेसहा मीटरने जास्त भासते. उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर संदेश तिरका येतो, गर्दीतली वाट लांबते आणि चूक तिपटीपर्यंत जाते. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून साध्या रिसीव्हरच्या चुकीचे सर्वांत मोठे नैसर्गिक कारण आयनांबर हेच ठरले आहे.

मग ही चूक दुरुस्त कशी करतात? अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन संस्थेतले जॉन क्लोबुचर यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र तयार केले. उपग्रह फक्त आठ आकडे पाठवतात. त्यावरून रिसीव्हर अंदाज करतो की रात्रीचा उशीर कायम पाच नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर. सकाळपासून तो चढत जाणार, स्थानिक वेळेप्रमाणे दुपारी दोनला शिखर गाठणार आणि संध्याकाळी उतरणार. एवढ्याशा सूत्राने साधारण निम्मी चूक निघून जाते. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण या सूत्राची मेख लक्षात घ्या. ते सरासरीवर चालते. रोज दुपारी सूर्य तळपणारच, असे ते गृहीत धरून बसते. ग्रहण त्याला ठाऊकच नसते! चंद्राने सूर्य झाकलेला असतो, इलेक्ट्रॉन घटलेले असतात, प्रत्यक्ष उशीर कमी झालेला असतो. सूत्र मात्र नेहमीच्या दुपारचाच उशीर वजा करत राहते. समजा, चाळीस एककांतली दहा ग्रहणात घटली, तर डोक्यावरच्या उपग्रहाच्या अंतरात सुमारे १.६ मीटरची जादा वजाबाकी होते. म्हणजे ग्रहणात गर्दी कमी झाल्यामुळे संदेश उलट लवकर येतो. चूक होते ती जुन्या गृहीतकाची. वस्तुस्थिती बदलली तरी पोथीत लिहिले तेच खरे मानून वागले की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडत नाही. फरक इतकाच की शास्त्रज्ञ आपल्या पोथीतली चूक स्वतःच शोधतात, जाहीर करतात आणि सुधारतात.

आणखी एक बारकावा आहे. सगळ्या उपग्रहांच्या अंतरात सारखीच चूक झाली, तर रिसीव्हर ती आपल्या घड्याळाच्या चुकीत जमा करतो आणि तुमची जागा फारशी हलत नाही. पण ग्रहणाची छाया आकाशभर सारखी नसते. दक्षिणेकडून येणारा संदेश गडद छायेतून, उत्तरेकडून येणारा विरळ छायेतून, असे होते. चुका असमान झाल्या की जागा सरकते, आणि त्यातही उंचीचा आकडा अधिक बिघडतो. ही चूक साधारण मीटरभराच्या घरातली आणि दोन-तीन तासांची असते. शहरातल्या गल्लीत उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या संदेशांमुळे मोबाईल रोज याहून जास्त चुकतो! तेव्हा रिक्षावाल्याला ग्रहणात पत्ता सापडणार नाही, असे कुणी सांगितले तर खुशाल हसावे.

मग शास्त्रज्ञ ग्रहणामागे एवढे का धावतात? कारण आयनांबरासारखी प्रचंड गोष्ट प्रयोगशाळेत आणता येत नाही. सूर्य बंद करून पाहता येत नाही. ग्रहणात निसर्ग स्वतःच सूर्याचा दिवा मंद करतो, आणि तेही सेकंदापर्यंत आधी ठरलेल्या वेळी. ३१ ऑगस्ट १९३२ च्या उत्तर अमेरिकेतल्या ग्रहणात असाच एक वाद निकाली निघायला मदत झाली. आयनांबर घडते ते सूर्याच्या अदृश्य प्रकाशामुळे, की सूर्यातून येणाऱ्या कणांमुळे? कण प्रकाशाहून सावकाश येतात. तेव्हा त्यांचे ‘ग्रहण’ दिसणाऱ्या ग्रहणाच्या वेळेवर लागणारच नाही, ते निराळ्या वेळी लागेल. मोजमापात घट दिसली ती दिसणाऱ्या ग्रहणाबरोबरच. अतिनील प्रकाशाच्या बाजूने कौल मिळाला.

आपल्या देशात १५ जानेवारी २०१० रोजी केरळ-तामिळनाडूच्या टोकावरून कंकणाकृती ग्रहण गेले. कंकणाची कमाल स्थिती ११ मिनिटे ८ सेकंद होती आणि याहून दीर्घ कंकणाकृती ग्रहण या सहस्रकात पुन्हा होणार नाही. छाया गेली ती चुंबकीय विषुववृत्तावरून, तीही दुपारी एकनंतर. याच कारणासाठी, म्हणजे चुंबकीय विषुववृत्त माथ्यावर असल्यामुळेच, थुंबा या कोळ्यांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताचा पहिला अग्निबाण उडाला होता. २०१० च्या ग्रहणातही तिथून शास्त्रीय अग्निबाण सोडले गेले. विषुववृत्तावर शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाह त्या दुपारी दुबळा होऊन उलटा फिरल्याचे चुंबकीय नोंदींवरून दिसले. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिका आडवी ओलांडून गेलेल्या छायेच्या वेळी सुमारे दोन हजार रिसीव्हर एकाच वेळी आयनांबर मोजत होते. छायेच्या वाटेवर इलेक्ट्रॉनांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. आवाजाहून वेगाने धावणाऱ्या छायेपुढे, होडीच्या नाळेपुढे पाण्यात उठतात तशा लाटाही आयनांबरात दिसल्या. या कामात हौशी रेडिओचालकांनीही भाग घेतला. विज्ञानाला पदवीचे सोवळे लागत नाही, हेही त्यातून दिसले.

हे सगळे आपल्याला इतरांपेक्षा जास्त जवळचे आहे. विषुववृत्तावर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन कारंजासारखे दोन्ही बाजूंना खाली पडतात आणि त्यांची सर्वांत दाट रास आपल्याकडे अहमदाबाद-भोपाळ-कोलकात्याच्या आसपास साचते. म्हणजे भारतावरचे आयनांबर अमेरिका-युरोपपेक्षा जास्त दाट आणि जास्त लहरी. तिकडे तयार झालेली दुरुस्ती इकडे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून ‘इस्रो’ आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ यंत्रणा उभारली. देशभर पसरलेली तिची केंद्रे आयनांबर प्रत्यक्ष मोजतात आणि काही मिनिटांनी ताजी दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानांना कळवतात. विषुववृत्तीय प्रदेशासाठी अशी यंत्रणा जगात प्रथम भारताने उभारली. डिसेंबर २०१३ आणि एप्रिल २०१५ मध्ये तिला विमान वाहतुकीसाठी मान्यता मिळाली. दुसरा उपाय म्हणजे दोन वेगवेगळ्या कंप्रतांवर ऐकणे. उशीर कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन्ही संदेशांतला फरक पाहून रिसीव्हर खरा उशीर स्वतःच काढतो. आपली ‘नाविक’ यंत्रणा याच तत्त्वावर आखलेली आहे. अशा रिसीव्हरला ग्रहण असो वा नसो, सारखेच! कारण तो गृहीत धरत नाही, मोजतो.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे गायरानाचे, वतनी जमिनीचे प्रश्न मोजणीवर येऊन अडले आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. आता साखळी जाऊन रोव्हर यंत्र आले आहे. ते स्थिर केंद्राशी तुलना करून सेंटिमीटरपर्यंतची जागा देते. पण आयनांबर अस्वस्थ असेल तर त्यालाही पक्का आकडा मिळायला वेळ लागतो. अशा वेळी घाईने घेतलेला बिंदू बांधावर उभा राहतो आणि बांधावरून पिढ्यान्पिढ्या भांडणे चालतात. भूमिहीनाला मिळालेल्या दोन-चार गुंठ्यांत हातभर जागाही लहान नसते. तेव्हा मोजणीच्या दिवशी ‘यंत्र सांगते’ एवढ्यावर मान डोलावू नका. आकडा पक्का झाला का, मोजणी पुन्हा ताडून पाहिली का, हे विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

आता त्या पंचांगवाल्यांकडे वळू. त्यांनी ‘ग्रहणाचा परिणाम होतो’ म्हटले की नाकारत बसू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा. किती? कुठे? किती वेळ? आयनांबराबाबत उत्तर आहे : इलेक्ट्रॉन निम्म्यापर्यंत घटतात, शंभर ते काही शेकडो किलोमीटर उंचीवर घटतात, दोन-तीन तासांपुरते घटतात. कारण एवढेच की सूर्याचे किरण अडले. हे कारण तर रोज संध्याकाळीही घडते! सूर्य मावळला की आयनांबरात ग्रहणापेक्षा मोठी घट होते. मग रोज संध्याकाळी गरोदर बाईला कोपऱ्यात का बसवत नाही? रोज रात्रीचे जेवण का फेकत नाही? भातात, पाण्यात, पोटातल्या बाळात ग्रहणाने काय बदलले, याचे एक तरी माप दाखवा. इतक्या शतकांत एकही माप पुढे आलेले नाही. आली ती फक्त दक्षिणेची थाळी.

आपल्याकडे माप ठेवणारी परंपराही आहेच. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले हे काम तिकडे हलवले गेले. आयनांबरातल्या प्रवाहांचा माग अशा नोंदींतूनही लागतो. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम पुढे चालवते. आमच्या मुलामुलींच्या सहली देवस्थानांना जातात, तशा अलिबागलाही का जाऊ नयेत?

२२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण अनेकांना आठवत असेल. सुरतेपासून पाटण्यापर्यंत छाया गेली, पण पावसाळी ढगांनी कित्येकांची निराशा केली. डोळ्यांना ढग आडवे आले. आयनांबर मात्र ढगांच्या कितीतरी वर आहे आणि उपग्रहांचे संदेश ढगांतून आरपार येतात. त्या सकाळी रिसीव्हरना ग्रहण ‘दिसत’ होतेच. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपार कलल्यावर महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पुन्हा पावसाळ्याचे. त्या दिवशी वस्तीतल्या विहारात, वाचनालयात, अभ्यासिकेत मुलांना गोळा करा. आभाळ उघडे असेल तर ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच सूर्य दाखवा. ढग असतील तर एखादा रिसीव्हर किंवा रेडिओ लावून नोंदी करायला शिकवा. आदल्या दिवशीच्या त्याच वेळेच्या नोंदींशी त्या ताडून पाहा. आणि मध्येच सगळ्यांनी मिळून पोटभर जेवा. गरोदर लेकीसुनांनाही पंगतीत बसवा.

ज्या वस्तीतून कधी काळी ‘दे दान’ अशी आरोळी निघत होती, त्याच वस्तीतली पोरे उद्या ग्रहणात हातात वही-पेन घेऊन उभी राहावीत आणि जो कुणी भीती घालायला येईल त्याला विचारावीत : किती? कुठे? किती वेळ? आमच्या मते, गिराण सुटले असे त्या दिवशी म्हणता येईल.